बावन्न किलोचं पोतं

हौदाच्या काठावर सहा रिकामी पोती होती, एकात एक खुपसलेली. थोड्या अंतरावर, फाटक्या ताडपत्रीखाली, चार भरलेली. एक फावडं. चौथऱ्यावर पाचशे लिटरची काळी पाण्याची टाकी, रिकामी. तिच्या तळातून निघालेला पाइप हौदाच्या त्या बाजूच्या उंच भिंतीवरून आत सोडलेला. काठावर एकच चप्पल, डाव्या पायाची. आणि हौदात, चुन्याच्या पांढऱ्या लगद्यात, पालथा पडलेला हावगेप्पा मिस्त्री.

पीएसआय विजयश्री बिरादारनं हे सगळं पंचनाम्यात लिहून घेतलं आणि मगच प्रेत बाहेर काढायला सांगितलं.

चौघांनी मिळून ते काढलं. हातापायांची कातडी पांढरी पडून सुटली होती. डोक्याच्या मागच्या बाजूला जखम होती. शर्टाच्या खिशात चार वस्तू निघाल्या: तंबाखूची डबी, काड्यापेटी, एक लांब खिळा आणि अर्धी मेणबत्ती. मेणबत्तीवरचा चुना विजयश्रीनं बोटानं पुसला. वात सरळ होती. बुडाची कड जशी कापली होती तशीच होती.

खटकचिंचोळीच्या पलीकडे, तुरीच्या रानात ही जुनी बारव. तिची डागडुजी गेल्या वर्षापासून चालली होती. जुन्या दगडी बांधकामाला सिमेंट चालत नाही, सगळं चुन्यातच करायचं, अशी सरकारी अट होती. म्हणून हावगेप्पाला आणलेलं. चुन्याचं काम जाणणारा या भागात तो एकटाच उरला होता. पावसाळाभर काम बंद होतं. काल संध्याकाळी चुना भिजवायचा, आज खात्याचा इंजिनिअर पाहणीला येणार आणि मग काम पुन्हा सुरू, असं ठरलेलं.

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, मॅडम," ठेकेदार व्यंकट डोणगावकर म्हणाला. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट. आवाज अगदी खाली आणून तो बोलत होता.

"काय बघितलंत?"

"मी तिकडं जीपपाशी होतो. हावगेप्पानं पोती फोडून हौदात ओतली. तो काठावर उभा होता. पोरीनं मागून पाणी सोडलं. बापाला विचारलं नाही, काही नाही. अन् चुना असा उसळला म्हणता! वाफेचा लोट बारवेच्या कमानीपर्यंत गेला. खदखद इथून ऐकू येत होती."

"तुम्ही धावला नाहीत?"

"चुना भिजवताना वाफ निघतेच की. मला वाटलं, काम व्यवस्थित चाललंय. मी भालकीला निघून गेलो. सकाळी येऊन बघतो तर..." त्यानं मान फिरवली. "पाय घसरून डोकं काठावर आपटलं असणार. पोरीला सांभाळून घ्या, मॅडम. तिनं काय मुद्दाम केलंय? पण फिर्याद दिल्याशिवाय मला गत्यंतर नव्हतं. साइट माझी आहे."

"याआधी चुन्याचं काम केलंय तुम्ही?"

"आपलं सगळं आरसीसीचं. हे पहिलंच."

विजयश्रीनं मान हलवली आणि ताडपत्रीकडे बोट केलं. "वीरण्णा, ती चार पोती जीपमध्ये घ्या. रिकामीपण घ्या."

हेडकॉन्स्टेबल वीरण्णा निवृत्तीला आला होता. त्यानं पहिल्या पोत्याला हात घातला आणि कमरेवर हात ठेवून उभाच राहिला.

"मॅडम, ह्यात चुना हाय का शिसं? वर चाळीस किलो छापलंय बघा. छापणाऱ्यानं माझी कंबर हिशोबात धरली न्हाई."

पोती टम्म फुगलेली होती. शिवणींचे धागे ताणले होते. विजयश्रीनं छपाई वाचली. चुनकळी. निव्वळ वजन चाळीस किलो. शुद्धता चौऱ्याण्णव टक्के.

"ही पोती कधीपासून इथं आहेत?" तिनं डोणगावकरला विचारलं.

"एकाच ट्रकनं आली होती दहाच्या दहा. पावसाच्या आधी. ताडपत्री टाकली होती की वर."

ताडपत्रीला तीन ठिकाणी आरपार भोकं होती.

*

रत्नम्मा पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसली होती. हावगेप्पाची एकुलती एक लेक, बापाच्या हाताखाली काम करणारी. वय तिशीच्या आत, पण तळहात बघितले तर पन्नाशीचे वाटावेत. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरली होती.

दुपारीच तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला होता. कवटीला मागून मार बसलाय. काठाचा दगड लागला असेल किंवा आणखी काही. कातडी चुन्यानं गेलीय. ती जिवंतपणी गेली की नंतर, हे इथं सांगता येत नाही. नमुने कलबुर्गीच्या प्रयोगशाळेला पाठवलेत.

"रत्नम्मा, काल काय झालं, पहिल्यापासून सांग."

"अप्पा बारवंत उतरला. म्हनला, मी जरा आतून बघून येतो, मग पोती फोडू. मी वढ्यावर भांडी घासाया गेले. वापस आले तर मालकानं हाक मारली. म्हनले, तुझ्या अप्पानं चुना वतलाय हौदात, पाणी सोड म्हनून सांगून गेलाय."

"डोणगावकर म्हणतात, ते लांब जीपपाशी होते. तुला हाक मारलीच नाही."

"मारली. मी कामून खोटं बोलू?"

"अप्पा दिसला तुला?"

"न्हाई."

"हौदात बघितलंस?"

रत्नम्मानं पहिल्यांदा मान वर केली. अडाण्याकडे बघावं तसं तिनं विजयश्रीकडे बघितलं.

"पाणी सोडताना हौदात बघत न्हाईत, मॅडम. अप्पाचा उजवा डोळा त्यातच गेला. भिंतीमागं पाठ करून उभं राहायचं. चुना बोलायला लागला की कॉक बंद करायचा. शांत झाला की मग उरल्यालं सोडायचं. अप्पानं तसंच शिकिवलंय मला."

"बोलायला लागला म्हणजे?"

"सुं सुं करतो आधी. मग खदखदतो. लई लांबून ऐकू येतंय."

"काल कधी बोलला?"

रत्नम्मानं चहाचा कप बाजूला सरकवला. वीरण्णा हळूच म्हणाला, "सांग अक्का. मॅडम खात न्हाईत."

"बोललाच न्हाई," रत्नम्मा म्हणाली. "मला वाटलं पाणी कमी पडायलंय. म्हनून पुरी टाकी सोडली. तरी बी बोलला न्हाई. मालक म्हनले, तू जा घरी, मिस्त्री मागून येतोय. अप्पा कधी कधी बारवंवरच निजायचा, म्हनून मी वाट बघितली न्हाई." तिनं पदर तोंडाशी नेला. "मी गेल्यावर बोलला आसंल. अर्धीच टाकी सोडायची आसती. मी जास्त सोडली, म्हनून उसळला आसंल. म्याच मारलं माझ्या बापाला. लिहून घ्या तसंच."

विजयश्रीनं लिहून घेतलं नाही.

एक माणूस म्हणत होता, वाफ कमानीपर्यंत गेली. एक बाई म्हणत होती, चुना बोललाच नाही. ज्या बाईवर गुन्हा लागणार होता तिलाच त्या वाफेवर विश्वास ठेवायचा होता. दोघांच्या बोलण्याला तिसरा साक्षीदार नव्हता.

मग तिला वीरण्णाची कंबर आठवली.

*

गावातल्या तुरीच्या आडत दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा होता. विजयश्रीनं आधी रिकामं पोतं ठेवलं आणि काटा शून्यावर आणला. मग एकेक भरलेलं.

बावन्न पूर्णांक एक. बावन्न पूर्णांक शून्य. बावन्न पूर्णांक एक. बावन्न पूर्णांक एक.

"काटा बिघडलाय का बघा," वीरण्णा म्हणाला. दुकानातलं प्रमाणित वीस किलोचं माप त्यानं स्वतःच ठेवून बघितलं. वीस किलो बरोबर भरलं.

"चाळीसचं बावन्न व्हायला ह्यात शिरलं तरी काय, मॅडम?"

विजयश्रीनं उदगीरच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केली होती. पहिल्या वर्षाला असली गणितं ढिगानं सोडवावी लागत. तेव्हा ती कंटाळवाणी वाटायची. तिनं दुकानदाराकडून कागदी पिशवी मागून घेतली आणि तिच्या पाठीवर आकडे मांडले. मांडून झाल्यावर शेवटच्या आकड्याखाली रेघ ओढली.

नंतर तिनं दोन गोष्टी केल्या. प्रत्येक पोत्यातून, अगदी आतून, मूठभर भुकटी काढून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकली आणि शाळेतून आणलेला तापमापक त्यात धरला. मग बशीत थोडी भुकटी घेऊन तिच्यावर लिंबू पिळलं आणि कान लावून ऐकलं.

"सरबत करायलाव का मॅडम?" वीरण्णानं विचारलं.

"नाही. आता बारवेत उतरू. हावगेप्पाचा तो खिळा बरोबर घ्या."

बारवेच्या तळाशी आतल्या बाजूला एक ओवरी होती. तिथं दिवसाही अंधार. टॉर्च लावल्यावर भिंतीवर ताज्या ओरखड्याची एक रेघ दिसली, दगडांमधल्या दर्जेतून गेलेली. खाली जोत्यावर मेणाचे चार थेंब होते. विजयश्रीनं त्या रेघेत खिळा घातला आणि उकरलं. वरचा नखभर थर पांढरा होता. त्याखालचा करडा आणि टणक.

"हे तर सिमेंट हाय," वीरण्णा म्हणाला.

"हो."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयश्रीनं डोणगावकरला बारवेवर बोलावलं. रत्नम्मालाही आणलं होतं. ती हौदाकडे पाठ करून बसली.

"परवाचं पुन्हा एकदा सांगा," विजयश्री म्हणाली. "वाफेचं."

डोणगावकरनं पुन्हा सांगितलं. वाफ कमानीपर्यंत गेली. खदखद जीपपर्यंत ऐकू आली.

"नक्की?"

"देवाशप्पथ."

"मग ऐका. भट्टीतून निघालेला चुना, चुनकळी, पाण्याला हपापलेला असतो. किती पाणी पिणार, ते ठरलेलं असतं. छप्पन्न किलो चुनकळी अठरा किलो पाणी पिते आणि चौऱ्याहत्तर किलो विरलेला चुना होतो. अठराच्या वर एक थेंब तिला पचत नाही. हे पाणी पिताना ती तापते, उसळते, वाफ सोडते. रत्नम्मा त्याला चुना बोलला म्हणते. एकदा पिऊन झालं की चुना मेला. पुन्हा कितीही पाणी घाला, तो गार."

"ते ठीक आहे, पण..."

"तुमच्या पोत्यात चाळीस किलो. चौऱ्याण्णव टक्के शुद्ध, म्हणजे खरी चुनकळी सदतीस किलो सहाशे ग्रॅम. तिला लागणारं पाणी किती? छप्पन्नाला अठरा, तर सदतीस पूर्णांक सहाला बारा किलो आणि वर थोडे ग्रॅम. पूर्ण मेल्यावर पोतं भरायला हवं बावन्न किलो शंभर ग्रॅमच्या आसपास. ताडपत्रीखालची चार पोती आम्ही तोलली. बावन्न पूर्णांक एक. एक बावन्न पूर्णांक शून्य. तुमच्या भोकांतून पावसाळाभर ओल शिरत होती. चुना पोत्यातच बसून पाणी पीत होता. हळूहळू, आवाज न करता. म्हणून तर पोती फुगली."

"वजन हवेनंपण वाढतं," डोणगावकर म्हणाला. "मी ऐकलंय."

"वाढतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला तर. पण मग लिंबू पिळल्यावर फसफसतो. आम्ही पिळलं तेव्हा एक-दोन बुडबुडे आले, बाकी काही नाही. पाण्यात टाकून तापमापक धरला. आधी सव्वीस अंश, नंतरही सव्वीस."

डोणगावकरनं घाम पुसला, पण आवाज अजून शाबूत होता. "ही चार मेली असतील. हावगेप्पानं ओतलेली सहा जिवंत असणार. त्याचं काय?"

"चांगला प्रश्न आहे. माझ्याही मनात तोच आला. चार पोती थप्पीच्या आतली होती. सहा वरची, भोकांखालची. आतली पूर्ण भिजली आणि वरची कोरडी राहिली, असं कसं झालं? तरी तेही सोडून देऊ." तिनं प्लास्टिकची पिशवी वर धरली. "ही मेणबत्ती मिस्त्रीच्या खिशात होती. रात्रभर त्याच हौदात. उकळत्या पाण्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त उष्णतेला मेण पाघळतं. हिची कड बघा. डोणगावकर, त्या हौदातून वाफ निघाली नाही. रत्नम्मा खरं बोलली. चुना बोललाच नाही. तुम्ही न झालेली गोष्ट डोळ्यांनी बघितलीत."

रत्नम्मानं मान वळवली होती.

"आता दुसरं. हावगेप्पा तीस वर्षं चुना हाताळत होता. वीरण्णानं आयुष्यात चुन्याचं पोतं उचललं नव्हतं, तरी त्याला ते जड लागलं. मिस्त्रीनं पहिलं पोतं उचलताच ओळखलं असतं आणि खाली ठेवलं असतं. मेलेला चुना हौदात कोण ओततं? सहाच्या सहा पोती ओतली ती चुन्यातलं काही न कळणाऱ्यानं. ज्याला वाटलं, पोतं मोठं आहे, जड असणारच. ज्याला एवढंच माहीत होतं की चुना पाणी पडलं की उकळतो, माणूस जाळतो."

पाइपच्या टोकातून एक थेंब गळला.

"मिस्त्री मेणबत्ती घेऊन ओवरीत गेला. खिळ्यानं दर्ज उकरली. पांढऱ्या थराखाली त्याला, त्याच्या माघारी भरलेलं तुमचं सिमेंट सापडलं. वर येऊन तो काय म्हणाला तुम्हाला?"

डोणगावकर हौदाकडे बघत होता.

"काय म्हणाला?"

"उद्या इंजिनिअरला दाखवतो म्हणाला." आवाज एकदम बारीक झाला. "मी म्हटलं, मिस्त्री, गप बस, तुझ्या पोरीला कायमचं काम देतो. तर माझ्याकडं पाठ केली त्यानं. म्हणाला, पाचशे वर्षं उभ्या असलेल्या बारवेला तुम्ही आजार लावलाय. अन् चालायला लागला. फावडं हाताशी होतं."

"आणि हौदात ढकललंत. वर सहा पोती ओतलीत. मग पाणी सोडायला त्याच्या लेकीला हाक मारलीत. पाणी सोडताना ही माणसं हौदात बघत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं."

"गेल्या वर्षी बघितलं होतं," डोणगावकर म्हणाला. "पाठ करून उभी राहतात."

वीरण्णानं डोणगावकरला बेड्या घातल्या.

जीप निघायच्या आधी रत्नम्मा उठून डोणगावकरसमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"मालक, एकच सांगा. मी पाणी सोडलं तवा अप्पा जित्ता होता का?"

डोणगावकरनं खाली बघितलं. "हलत नव्हता."

"हलत नव्हता, ते म्या इचारलं न्हाई."

"मी बघितलं नाही," तो म्हणाला. "खरंच नाही बघितलं."

रत्नम्मा विजयश्रीकडे वळली. विजयश्रीकडे ह्याचं गणित नव्हतं. बेशुद्ध माणूस पालथा पडतो, वरून भुकटी पडते आणि मग पाणी चढत जातं. श्वास चालू असेल तर तो आत ओढतोच. नसेल तर तोंडापलीकडे काही जात नाही.

"कलबुर्गीहून कळेल," ती म्हणाली.

"मला सांगाल का? जे आसंल ते?"

"जे असेल ते."

निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच दिवशी मागे घेतला गेला. ठाण्यातून रत्नम्माला घरी जायला मोकळीक मिळाली. ती गेली नाही. हावगेप्पाला त्याच्या रानात, त्यांच्या रीतीप्रमाणे बसलेल्या अवस्थेत पुरलं, तेवढ्यापुरती ती उठली आणि परत येऊन त्याच बाकावर बसली. वीरण्णानं घरून भाकरी आणली. तिनं अर्धी खाल्ली.

कलबुर्गीचा लिफाफा आला तेव्हा विजयश्रीनं तो तिच्यासमोरच फोडला. तिला वाचता येत नव्हतं. विजयश्री तिच्या शेजारी बाकावर बसली आणि तिनं कागदावर होतं तेवढंच, त्याच क्रमानं वाचलं.

"चुना. तोंडात, तीन पूर्णांक एक ग्रॅम. श्वासनलिकेत, शून्य. उजव्या फुप्फुसात, शून्य. डाव्या फुप्फुसात, शून्य."